नाताळच्या सुट्टीतली फियाट

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबांची निळी गाडी अजून जिवंत आहे का?" मी "आहे" म्हटलं, तेवढ्यात तुमच्याकडे कोणीतरी दार वाजवलं आणि कॉल बंद झाला. तेव्हापासून ते अर्धं उत्तर मला टोचतं आहे. अर्धवट राहिलेली गोष्ट मला सहन होत नाही. कपाटाचं दार अर्धं उघडं दिसलं तरी मी जेवणावरून उठून ते लावते. म्हणून लिहायला बसले. दुसरं कारण असं की तुम्ही मे महिन्यात येणार, आणि तुम्ही आलात की आजोबा ही गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगणार. त्यांच्या गोष्टीत मी लबाड असते आणि ते हुशार असतात. हे निम्मंच खरं आहे.

मराठीत लिहिते आहे, सावकाश वाचा. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं. पण ह्यात एक गवळी आहे आणि एक मेकॅनिक आहे, आणि ते दोघं इंग्रजीत बोलायला लागले की मला ते माझ्या ओळखीचे वाटत नाहीत. अडलं तर तुमच्या बाबांना विचारा. त्यांचंही मराठी जरा घासून निघेल.

तर, गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आजोबा आमच्या केडगावच्या घराच्या ओट्यावरून पडले. हातात गाडी पुसायचं फडकं होतं, नजर गाडीकडे होती, पाय पायरीवर नव्हता. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला ऑपरेशन झालं आणि तिथून त्यांना तुमच्या आत्याच्या फ्लॅटवर नेलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता माझं काम संपलं, ह्यांचं सुरू झालं. रोज उठायचं, वॉकर धरायचा, चालायचं. आजोबांना उठणं मान्य नव्हतं. दुखत होतं हे खरं, पण त्याहून जास्त त्यांना वॉकरची लाज वाटत होती. ते त्याला "पाळणा" म्हणायचे. "तो पाळणा माझ्या डोळ्यांसमोरून हलव."

आत्या शाळेत शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. तिला नाताळची सुट्टी लागेपर्यंत मी तिथे होते. सुट्टी लागली तेव्हा आमचं तिघांचं बोलणं झालं. बोलणं म्हणजे आत्या बोलली. सुट्टीभर ती घरी होती, तेवढ्यात आजोबांनी स्वतःच्या पायांनी उठून न्हाणीघरापर्यंत जायला आणि एखाददुसरी पायरी चढायला शिकायचं. जमलं तर केडगावला परत. नाही जमलं तर शाळा सुरू होताच त्यांना तिथल्याच एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, मी आत्याकडे राहायचं, आणि केडगावचं घर बंद करायचं. घर बंद म्हणजे गाडीही गेलीच. तुमच्या बाबांनी फोनवर हेच आधीपासून लावलं होतं. लग्नाच्या वरातीसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी आमचा पत्ताही दिला होता. रागावू नका त्यांच्यावर. लांबून सगळंच सोपं दिसतं.

आजोबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जा."

"कुठे जा?"

"केडगावला. पडल्यापासून गाडी सुरू झालेली नाही. थंडी वाढली आहे. बॅटरी बसेल."

आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, तुम्हाला आई इथे हवी की गाडीपाशी?"

"गाडीपाशी."

मला ते लागलं. पण स्वयंपाकघरात आत्या हळूच म्हणाली, "आई, खरंच जा तू. तू समोर असलीस की ते उठत नाहीत. पाणी तू देतेस, चष्मा तू देतेस, उशी तू देतेस. मी काही देत नाही, म्हणून माझ्यापुढे हालचाल तरी करतात." तेही खरं होतं. मी एसटीत बसले आणि शिरूर येईपर्यंत मनात दोघांशीही भांडत राहिले.

एवढी काय मोठी गाडी, असं तुम्हाला वाटेल. गाडी मोठी नाहीच. फिकट निळी फियाट, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. एका निवृत्त डॉक्टरांकडून आजोबांनी ती जुनीच घेतली. तुमचे बाबा तेव्हा शाळेतही जात नव्हते. घेतल्यावर पहिल्यांदा ती गावी न्यायची ठरली, पारनेरकडे, जिथे त्यांचं घर गावाच्या बाहेरच्या अंगाला होतं. ते घर तिथे का होतं, हे तुम्हाला बाबांनी सांगितलं असेल. नसेल तर मे महिन्यात मी सांगेन. सासूबाई पुढच्या सीटवर, डोक्यावर पदर घट्ट धरून. गाव जवळ आलं तशा त्या म्हणाल्या, "बाबा, हळू घे. समद्यांना बगू दे." आजोबांनी इतकी हळू घेतली की इंजिन तापलं आणि बरोबर चावडीसमोर गाडी बंद पडली. क्षणभर कोणी हललं नाही. मग चावडीच्या कट्ट्यावर बसलेले लोक एकेक करून उठले आणि त्यांनी गाडीला धक्का दिला. ज्यांच्यासमोरून जाताना सासरे पायातली वहाण हातात घ्यायचे, तेच लोक. आजोबा अजून म्हणतात की गाडी त्या दिवशी मुद्दाम बंद पडली. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, "चांगली गाडी हाय. कुटं थांबायचं ते तिला कळतं."

म्हणून ती विकायची भाषा आमच्या घरात कोणी मोठ्याने करत नाही.

केडगावला पोचले तर गाडी पत्र्याखाली, मी जुन्या चादरी जोडून शिवलेल्या खोळीत, होती तशी. फक्त आत उंदीर येऊन गेला होता. मागच्या सीटचा कोपरा कुरतडला होता. मी काच उतरवून सगळं झाडलं, डांबरगोळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आजोबांचा फोन आला आणि आमचं नवं वेळापत्रक सुरू झालं. मला गाडी चालवता येत नाही. सुरू करता येते आणि बंद करता येते. फोन स्पीकरवर टाकून मी तो पुढच्या काचेपाशी ठेवायची आणि पुण्याहून हुकूम यायचे.

"चोक ओढलास? पूर्ण ओढ. आता सेल्फ मार. लांब नको मारू, बॅटरी खाते. थांब. पुन्हा."

फियाट खोकायची, थरथरायची, आणि मग लागायची. पहिल्या दिवशी ती लागली तेव्हा आजोबा बराच वेळ नुसते ऐकत होते.

"चोक आत ढकल. हळूहळू, मॅडम, ती शाळेची घंटा नाही. हं. आता बंद कर."

"एवढ्यात?"

"बंद होताना कशी होते ते ऐकायचंय. सुरू कशीही होते. बंद होताना गाडी खरं बोलते."

मग मी विचारायची, "तुमचं काय?" तेव्हा ते नाइलाजाने सांगायचे: पलंगाच्या कडेला बसलो. उभा राहिलो. पाळणा धरून खिडकीपर्यंत गेलो. मी गाडीचं दिल्याशिवाय ते पायाचं देत नसत. असा हा सौदा होता, बोलून न ठरवलेला. रोज फोन ठेवल्यावर मला वाटायचं, आज माझा दिवस झाला, अजून सकाळचे नऊही वाजले नाहीत, उरलेला दिवस कुठे घालू?

थोरल्याला आठवत असेल, त्याने त्याच दिवसांत मला गाडीचा आवाज पाठवायला सांगितला होता, त्याच्या कसल्याशा शाळेच्या कामासाठी. मी एका सकाळी, आजोबांचा फोन यायच्या आधीच, तुमच्या बाबांनी पाठवलेला टॅब सीटवर ठेवून गाडी लागण्यापासून बंद होण्यापर्यंतचा सगळा आवाज नीट भरून घेतला आणि पाठवला. त्याने उत्तरात अंगठा पाठवला. असो.

मग एका सकाळी फोन यायच्या आधी सवय म्हणून सेल्फ मारला आणि गाडी लागली नाही. पुन्हा मारला. पेट्रोलचा वास सुटला, पण ती हूं की चूं करेना. मी फोनवर आजोबांना सांगितलं, आज पाहुणे आहेत, उद्या लावते. पाहुणे कोणी नव्हते. त्यांनी विचारलंही नाही कोण ते, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास.

पुणे रस्त्याला लागून एक गॅरेज आहे, तिथल्या मेकॅनिकला बोलावलं. आजोबांचं त्याच्याबद्दलचं मत मला ठाऊक होतं. पण दुसरा कोणी फियाटला हात लावायला तयार नव्हता. त्याने बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवून आत बघितलं आणि सुस्कारा टाकला.

"म्याडम, लई थकलीय ही. म्हातारं मानूस थंडीत उठतंय का लवकर?"

"मी उठते."

"तुमची गोष्ट येगळी. तुमी काय फियाट हाय का?" मग पान्याने इकडे तिकडे ठोकत तो म्हणाला, "कार्बोरेटरमदी कचरा आडकलाय. काडून न्यावा लागंल. उद्या आनून बसवतो."

"उद्या म्हणजे उद्या?"

"उद्या मंजी उद्याच. आन् म्याडम, येक लिंबू-मिरची बांदा म्होरं. नजर लागलीय गाडीला."

"आमच्यात बांधत नाहीत."

"तुमच्यात न्हाई बांदत, पर गाडीला काय म्हाईत?"

कार्बोरेटर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सायकलच्या कॅरिअरला लावला. त्या जागी माझ्याकडचं एक धुतलेलं फडकं कोंबलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोन केला तर मागे ढोल वाजत होते.

"म्याडम, मी जत्रंला आलोय! खंडोबाच्या! आमच्या भावकीची काठी असती, यावंच लागतंय."

"आणि माझा कार्बोरेटर?"

"गॅरेजात हाय. डब्यात पेट्रोल घालून भिजत ठिवलाय. जितका मुरंल तितका चांगला."

"लोणचं आहे का ते?"

"तसंच समजा," तो आनंदाने म्हणाला आणि ढोलांत त्याचा आवाज बुडाला.

त्याने फोन ठेवला आणि आजोबांचा आला. मी पत्र्याखाली उभी होते. एका हातात फोन, समोर छातीतून काळीज काढून नेलेली गाडी. परवाच त्यांनी सांगितलं होतं की ते पाळणा धरून दारापर्यंत गेले. आज गाडी बंद आहे म्हटलं तर? कार्बोरेटर त्या मेकॅनिककडे आहे आणि मेकॅनिक जत्रेत आहे म्हटलं तर? मी त्यांना ओळखते. ते पांघरूण डोक्यावर ओढतील. मी म्हटलं, "थांबा हं, किल्ली आणते," आणि आत जाऊन टॅब घेऊन आले. फोन काचेपाशी, टॅब त्याच्या शेजारी. लावला.

फियाट खोकली, थरथरली, लागली. चोक आत गेला. मग बंद झाली, खरं बोलत. आजोबा म्हणाले, "हं." मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशीही तेच केलं. ह्या वेळी ते थोडे थांबून म्हणाले, "आज दूध कोणतं घेतलंस?"

"दूध? गायीचं."

"म्हशीचं नाही?"

"आमच्या गवळ्याची म्हैस आटली ना."

"आटली का? अरेरे."

तिसऱ्या दिवशी, गाडी बंद झाल्याबरोबर, "आज दूध कोणतं?" मी म्हटलं, अहो, कालच सांगितलं. "हो का?" म्हणाले आणि फोन ठेवला. पायाचं काहीच सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा दूध. "म्हैस कशी आहे?" विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने घरात दूध कुठून येतं ह्याची कधी चौकशी केली नव्हती.

मला धडकी भरली. भूल दिल्यानंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, हे मी वाचलेलं होतं. शेजारच्यांच्या वडिलांचं तसंच झालेलं. ते लेकीला बहीण समजायचे. मी आत्याला फोन केला. ती आधीच रडवेली होती. "आई, मी तुला करणारच होते. ते उठतच नाहीत आता. चांगले दारापर्यंत जायला लागले होते, आणि तीन दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. व्यायाम घेणाऱ्या बाईंना परत पाठवलं. सोमवारी माझी शाळा आहे गं. मी ते केंद्र बघून आले. बाग आहे तिथे."

"बाग काय करायची आहे त्यांना?"

"मग मी काय करू, आई?"

मी फोन ठेवला. त्या दिवशी मी एका जागी पाच मिनिटं बसले नाही. मसाल्याच्या बरण्या धुतल्या. धुतलेल्या चादरी पुन्हा घडी केल्या. गाडीच्या काचा पुसल्या, ज्या स्वच्छच होत्या. मग चपला घालून गॅरेजपर्यंत गेले. शटर खाली होतं. खालच्या फटीतून वाकून बघितलं तर आत अंधारात टायर दिसले, डबा दिसला नाही. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या मोठ्याने गाणी लावून चालल्या होत्या. शेजारचा चहावाला म्हणाला, "बाई, जत्रा सपल्याबिगर त्यो येत न्हाई. ह्यो घ्या च्या." मी चहा न घेता घरी आले, पाणी प्यायले आणि पुन्हा गॅरेजकडे गेले, जणू मधल्या वेळात जत्रा संपली असेल.

परत येते तर फाटकापाशी ते वरातीच्या गाड्यांवाले गृहस्थ उभे. हार घालून फोटो छान येतात म्हणाले, निळ्या रंगाला मागणी आहे म्हणाले. मी त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं. पण ते गेल्यावर मी खोळ उचलून गाडीत जाऊन बसले आणि मला पहिल्यांदा वाटलं, द्यावी का? आजोबा केंद्रात, मी आत्याकडे, आणि ही इथे एकटी, पोटात फडकं कोंबलेली. कोणासाठी ठेवायची? मला माझाच राग आला. मी उतरले, दार आपटलं, आत्याला फोनवर वरातवाले येऊन गेल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी पकडायचं ठरवलं. आजोबांचा चेहरा बघितल्याशिवाय मला काही कळणार नव्हतं.

आत्याच्या घरी पोचले तेव्हा त्यांच्या फोनची वेळ टळून गेली होती. ते पलंगावर उशीला टेकून होते. दाढी वाढलेली. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"आलीस? मग आज गाडी कोणी सुरू केली?"

मी टॅब पिशवीत घालून आणला होता, त्याचा कोपरा बाहेर दिसत होता. का, ते मला सांगता येणार नाही. मी पिशवी घट्ट धरली आणि मुद्दाम सोपा प्रश्न विचारला, जसा डॉक्टर विचारतात. "अहो, आज वार कोणता?"

"शनिवार. लाव तो टॅब. पिशवीत आहे ना? म्हशीचं काय झालं ते ऐकू दे."

मला कळेना.

"लाव तर. शेवटी ऐक. तू कधी शेवटपर्यंत ऐकलंस का?"

मी लावला. आत्याही हात पुसत दारात आली. फियाट लागली, चालली, बंद झाली. आणि ती बंद झाल्यावर, मी टॅब थांबवण्याच्या आधी, लांबून फाटकाशी, अगदी बारीक, आमच्या गवळ्याचा आवाज आला: "बाई, आजपास्नं म्हैस आटली हो. गायीचं घालू का?"

मी तो आवाज त्या सकाळी प्रत्यक्ष ऐकला होता. त्यानंतर टॅबवर रोज तो वाजत होता आणि मला तो ऐकू येत नव्हता. माझं सगळं लक्ष गाडी खरी वाटते की नाही ह्याकडे.

"रोज सकाळी आटते," आजोबा म्हणाले. "एकदा आटलेली म्हैस पुन्हा आटायची तर मध्ये तिला व्यावं लागतं, मॅडम."

आत्या फिसकन हसली. मलाही हसू आलं, पण त्यांचा चेहरा हसण्याचा नव्हता. मी म्हटलं, "अहो, मग त्याच दिवशी विचारायचं की सरळ!"

"काय विचारायचं? विकली का, असं? तू नाही म्हणाली असतीस. कशाला तुला खोटं बोलायला लावू?"

"विकली?"

"नाहीतर आवाज कशाला लावशील? ते वरातवाले काल येऊन गेले, ही तुझ्याशी फोनवर बोलत होती, मी ऐकलं. गाडी गेली म्हणजे घर गेलं. म्हणजे तुमचं सगळ्यांचं ठरलेलं आहे, फक्त मला सांगायचं बाकी आहे. मग मी दारापर्यंत कशाला चालू? केंद्रातल्या बागेत जायला?"

म्हणजे मी टॅब दुसऱ्यांदा लावला, त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी उठावं म्हणून मी लावत होते.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. गाडी लागली नाही. मेकॅनिक आला. कार्बोरेटर काढला. तो डब्यात मुरतो आहे. मेकॅनिक जत्रेत काठी नाचवतो आहे. गाडी पत्र्याखाली आहे, खोळीत आहे, तिच्या पोटात माझं फडकं आहे.

आजोबा उशीवरून सरळ झाले.

"बिघडलीय?"

"हो."

"नुसती बिघडलीय?"

"नुसती बिघडलीय हो!"

"आणि तू त्याला कार्बोरेटर काढू दिलास? त्या माणसाला? प्लग बघितले का त्याने आधी? बघितले नसणार. त्याला कार्बोरेटरशिवाय काही दिसत नाही. डोकं दुखत असेल तरी तो कार्बोरेटर काढेल!" बोलता बोलता त्यांनी पांघरूण बाजूला केलं होतं. उजवा पाय खाली आला, मग दोन्ही हातांनी धरून डावा. "तो पाळणा कुठे ठेवलाय गं?" ते आत्यावर ओरडले. "पाहिजे तेव्हा एक वस्तू जागेवर नसते ह्या घरात!"

वॉकर त्यांच्या समोरच होता. आत्याने तो हातभर पुढे सरकवला आणि स्वतः मागे झाली. मी उठायला लागले, तशी तिने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. ते उभे राहिले. दार गाठलं, दारातून बाहेर गेले. तिथून त्यांचा आवाज येत होता, "चहा टाका कोणीतरी," आणि वॉकरची टोकं फरशीवर वाजत होती. आत्या भिंतीला टेकून रडत होती आणि चहा टाकत नव्हती. शेवटी मीच टाकला.

ते लगेच बरे झाले असं समजू नका. आत्याने आणखी एक आठवडा रजा काढली, जी तिला मिळत नव्हती आणि तिने भांडून मिळवली. त्या आठवड्यात आजोबा रोज पडेल चेहऱ्याने आणि रोज थोडं पुढे चालले. इमारतीच्या जिन्याच्या पायऱ्या चढताना ते मेकॅनिकला शिव्या देत. व्यायाम घेणाऱ्या बाईंना वाटलं, शिव्या त्यांनाच आहेत. मी त्या दिवसांत केडगावला गेले नाही. फोनही कोणी कोणाला केला नाही. गाडी बंद होती हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याने काही बिघडत नव्हतं.

मग आम्ही भाड्याच्या गाडीने घरी आलो. ओट्याच्या पायऱ्यांना मी तिथे एकटी होते तेव्हाच लोखंडी कठडा बसवून घेतला होता. मेकॅनिक जत्रेहून परतला होता, कपाळावर भंडारा अजून पिवळा. त्याने कार्बोरेटर बसवला. गाडी लागली नाही. आजोबा खुर्चीवर बसून म्हणाले, "प्लग काढ." त्याने काढला. प्लग काळाठिक्कर होता.

"म्या म्हनलंच हुतं," मेकॅनिक म्हणाला.

"काय म्हणाला होतास?"

"की काईतरी हाय म्हनून."

आजोबा हसले. पुण्यात गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते. नवे प्लग आले, आणि दुपारपर्यंत गाडी लागली. मेकॅनिकचं म्हणणं आजही असं आहे की कार्बोरेटर मुरला नसता तर प्लगांनी काही झालं नसतं. दोघं त्यावर भांडतात. त्याला आता दर रविवारी चहा असतो.

तर धाकटीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर. आजोबांच्या डाव्या पायाला क्लच दाबण्याइतका जोर परत आलेला नाही आणि तो येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. म्हणून गाडी फाटकाबाहेर जात नाही. मागची उजवी काच खाली येत नाही, रेडिओ पूर्वीच गेला, सीटचा कोपरा मी शिवला पण रंग जुळला नाही. वरातीवाल्यांना नको म्हणून कळवलं आहे. आजोबा काठी घेऊन सकाळी पायऱ्या उतरतात आणि स्वतः सेल्फ मारतात. घर उघडं आहे, आम्ही दोघं त्यात आहोत, आणि गाडीचं इंजिन चालू आहे.